अंडर सर्टिफिकेट

मगदूम अण्णा पाकीट हातात घेतल्याशिवाय कागदावर शिक्का मारत नसत. यात काय विशेष, असं कुणालाही वाटेल. पोस्टातला माणूस पाकीट हातात घेणारच. पण ज्यांनी नव्वदच्या दशकात नोकरीसाठी अर्जांमागून अर्ज पाठवले असतील, त्यांना ‘अंडर सर्टिफिकेट ऑफ पोस्टिंग’ ही सोय आठवत असेल. रजिस्टर करणं परवडत नसलं की माणसं हा मार्ग धरायची. एका कागदावर ज्यांना पत्रं पाठवायची त्यांची नावं-पत्ते लिहायचे, त्यावर थोडी तिकिटं डकवायची आणि पत्रांसोबत तो कागद खिडकीत द्यायचा. बाबूनं यादी ताडून पाहायची, कागदावर गोल शिक्का मारून तो परत द्यायचा आणि पत्रं थैलीत टाकायची. पत्र पोचलं याची हमी नाही, पण पाठवलं होतं याचा तो दाखला.

इतर खिडक्यांत हे काम दोन मिनिटांचं असे. अण्णांच्या खिडकीत पंधरा मिनिटं लागत. ते एकेक पाकीट डाव्या हातात धरत, पत्ता हळू आवाजात वाचत, यादीतल्या नावाशी जुळवत आणि लाल पेन्सिलीनं टिक करत. अकरा पाकिटं तर अकरा खुणा. मागं रांग वाढत जायची. एकदा कुणीतरी लग्नपत्रिकांचा गठ्ठा आणला होता. तो वैतागून म्हणाला, “अण्णा, पत्रिका हायत त्या. वाचत काय बसलाय? सगळी जेवायला येणारच हायत.” अण्णांनी मान वर न करता सांगितलं, “ह्या पावण्याचं गावच लिवल्यालं न्हाय. त्यो कुठल्या मांडवात जाऊन बसायचा?” रांग हसली. पत्रिकावाला गाव लिहायला बाजूला झाला.

शिक्का काय तुमच्या घरचा आहे काय, असं त्यांना आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारायचं. त्यांचं उत्तर ठरलेलं असे. “घरचा असता तर एवढं बघितलं नसतं की.”

कल्लाप्पा मगदूम हे त्यांचं पूर्ण नाव. गडहिंग्लजच्याही पलीकडचे, कर्नाटकाच्या हद्दीला लागलेल्या गावचे. घरात कानडी, बाहेर मराठी. कुणाही बाईला, मग ती विशीतली असो की साठीची, ते ‘अक्का’ म्हणत. मॅट्रिक होऊन पोस्टात लागलेले. कपाळावर पुसट भस्म, पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं आणि ती लाल पेन्सिल. मंगळवार पेठेत माझी मावशी राहायची. तिच्या घरापासून चालत दहा मिनिटांवरच्या लहानशा पोस्टात ते होते.

मी आजऱ्याकडची. वडील काजूच्या कारखान्यात टरफलं फोडायच्या कामावर होते. त्या टरफलाच्या तेलानं त्यांचे तळहात कायमचे काळे पडलेले होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. मावशीकडे राहून इंग्रजी घेऊन बी.ए. केलं, मग बी.एड. केलं आणि दिसेल त्या जाहिरातीला अर्ज करायला लागले.

पहिल्यांदा अण्णांच्या खिडकीत गेले तेव्हा माझ्याकडे सात पाकिटं होती. त्यांनी सातही वाचली. प्रत्येक अर्जावर ‘इंग्रजी विषय शिक्षिका पदासाठी’ असं लिहिलेलं होतं. ते म्हणाले, “अक्का, तुमी इंग्रजीच्या मास्तरीण होणार. मग मला ह्या अंडरचा अर्थ सांगा.” मी म्हटलं, खाली. शाळेत आमच्या पुस्तकात टेबलाखाली बसलेल्या मांजराचं चित्र होतं, तेव्हापासून मला अंडर म्हणजे खाली एवढंच पक्कं माहीत. अण्णा म्हणाले, “मांजार टेबलाखाली दिसतंय. हे टपाल दाखल्याच्या खाली कुठं हाय? दाखला तुमी घरी न्हेणार, टपाल जाणार सांगलीला.” मी पुन्हा खालीच म्हटलं. ते म्हणाले, “बघून या. आज लाईन मोठी हाय.”

मला राग आला. एका मॅट्रिक झालेल्या बाबूनं रांगेसमोर पदवीधर मुलीची परीक्षा घ्यावी, हे मला अपमानाचं वाटलं. घरी येऊन शब्दकोश उघडला. त्या एवढ्याशा शब्दाला दीड रकाना दिला होता. पुढच्या खेपेला मी त्यातले चार-पाच वापर कागदावर लिहून नेले. डॉक्टरांच्या अंडर असलेला पेशंट. शपथेच्या अंडर दिलेली साक्ष. एखाद्या कायद्याच्या अंडर दाखल केलेला खटला. अंडर कन्स्ट्रक्शन म्हणजे बांधकाम चालू असलेली इमारत, अंडर कन्सिडरेशन म्हणजे विचार चालू असलेला अर्ज. अण्णांनी एका जुन्या रजिस्टरच्या मागच्या कोऱ्या पानांवर ते सगळं उतरवून घेतलं. अक्षर मोत्यासारखं होतं आणि त्याचा त्यांना गर्वही होता. मग तो आमचा रिवाजच झाला. मी अर्ज घेऊन जायची तेव्हा एखादा नवा अंडर घेऊन जायची.

ते नुसते लिहून ठेवत नसत, त्यावर विचार करत. महिनाभरानं एकदा म्हणाले, मला सापडलं. “पेशंट डॉक्टरच्या अंडर हाय म्हंजे डॉक्टर त्याच्या उरावर बसलाय असं न्हवं. पेशंटला काय झालं तर डॉक्टरला इचारायचं. जो वर हाय त्यानं जबाब द्यायचा. टपाल ह्या दाखल्याच्या अंडर हाय, म्हंजे उद्या कोण इचारायला आलं तर ह्यो कागद जबाब देणार. मग शिक्का मारताना खाली पाकीट हाय का न्हाय, बघायला नको?”

मी कॉलेजात पाच वर्षं इंग्रजी शिकले. माझ्या एकाही प्राध्यापकानं हा शब्द मला इतका स्वच्छ करून सांगितला नव्हता. कोल्हापुरात तर हा शब्द मी एकाच अर्थानं ऐकत आले होते. माझ्या अंडर बारा माणसं आहेत, तो माझ्या अंडरचा आहे, त्याला सांगतो. मिशीवरून हात फिरवत बोलायचा हा शब्द. अण्णांना तो वापर ऐकला की चीड यायची. रस्त्यांची कामं घेणारा एक गुत्तेदार कागदावर आधीची तारीख पाडून घ्यायला आला होता. कुणाला तरी महिन्यापूर्वीच नोटीस पाठवली असं त्याला दाखवायचं होतं. अण्णा नाही म्हणाले, तसा तो बोलला, तुमचे पोस्टमास्तर कुणाच्या अंडर येतात माहिती आहे काय. अण्णा म्हणाले, “ते कुणाच्या पण अंडर असूंदेत. गेलेली तारीख सरकारला पण माघारी आणता येत न्हाय.” गुत्तेदारानं जाताना भडंगाचा पुडा खिडकीत ठेवला. अण्णांनी उठून, दारापर्यंत जाऊन तो त्याच्या स्कूटरच्या हँडलला अडकवला आणि परत येऊन पुढचं पाकीट हातात घेतलं.

ते गोड माणूस होते असं मी म्हणणार नाही. त्यांच्या हट्टाचा त्रास मलाही झाला. एकदा एका अर्जाचा शेवटचा दिवस जवळ आला होता आणि मी यादीत शाळेचं नाव लिहिलं पण तालुका लिहिला नाही. त्यांनी यादी पुन्हा लिहायला लावली. तेवढ्यात टपालाची थैली गेली. मी तिथंच रडले. त्यांनी ना समजूत घातली ना चुकलं म्हटलं. “उद्या जाईल, पण जाईल,” एवढंच म्हणाले.

त्यांच्या यादीतला एक वापर मात्र त्यांच्या सिद्धांतात बसत नव्हता. सरकारी पत्राच्या शेवटी येणारा ‘अंडरसाइन्ड’, म्हणजे खाली सही करणारा. अण्णा त्या पानाशी बरेच दिवस अडले. म्हणाले, “हितं उलटं हाय, अक्का. वर कागद हाय आणि जबाबदार खालचा माणूस. हे काय मला अजून बसंना.” मी म्हटलं, इंग्रजी भाषा अशीच आहे. ते म्हणाले, भाषा अशीच कधी नसते.

शिक्षण सेवकांची योजना येऊन थोडाच काळ झाला होता. कोल्हापूरजवळच्या एका शिक्षणसंस्थेनं इंग्रजीची एक जागा भरायची म्हणून सेवायोजन कार्यालयाकडून नावं मागवली. त्या संस्थेचं नाव मी लिहीत नाही. नाव लिहिण्याइतका मान त्यांना मिळावा असं मला वाटत नाही. माझं नाव गेल्याचं मला कळलं होतं. मी मुलाखतीच्या पत्राची वाट पाहत राहिले. पोस्टमनच्या सायकलीची घंटा वाजली की मावशी आधी दारात जायची. एप्रिल गेला, मे गेला. जूनमध्ये शाळा उघडल्या आणि कळलं की जागा भरली. संस्थेच्या सेक्रेटरींच्या नात्यातली एक मुलगी लागली होती.

मी संस्थेच्या ऑफिसात गेले. तिथल्या कारकुनानं शांतपणे फाईल काढली. एका कागदावर अकरा नावं होती, चौथं माझं. खाली गोल शिक्का. मी मागितली तशी त्यानं त्याची नक्कलही दिली. तो म्हणाला, “मॅडम, पत्र अंडर सर्टिफिकेट गेलंय. मिळालं नसंल तर पोस्टात जाऊन भांडा.”

आणि मी खरंच पोस्टात जाऊन भांडले. अण्णांच्या खिडकीत, रांगेसमोर, नको ते बोलले. तुमच्या लाल पेन्सिलीचा काय उपयोग, तुमच्या खात्यानं माझं वर्ष खाल्लं, असं सगळं. अण्णांनी मला थांबवलं नाही. माझं बोलून झाल्यावर विचारलं, यादीत नावं किती होती. अकरा. तुमचं कितवं. चौथं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. रांगेला म्हणाले, पाच मिनिटं थांबा. कोल्हापूरची रांग कधी नव्हे ती गप्प राहिली.

मग त्यांनी सांगितलं. एप्रिलमध्ये त्या संस्थेचा शिपाई हीच यादी घेऊन त्यांच्याकडे आला होता. तिकिटं डकवलेली, पाकीट एकही नाही. पाकिटं मागनं येत्यात, शिक्का तेवढा मारून द्या, असं तो म्हणाला. अण्णांनी दिला नाही. यादीत माझं नाव बघून त्यांना उलट आनंद झाला होता. दुसऱ्या दिवशी पाकिटं येतील म्हणून ते वाट बघत राहिले. शिपाई परत आला नाही. माझ्या हातातल्या नकलेवरचा शिक्का त्यांच्या पोस्टाचा नव्हताच. कागद दुसऱ्या कुठल्या तरी खिडकीतून शिक्का मारून घेतलेला होता.

“तुमाला इचारायला पायजे होतं, कॉल आला का म्हणून,” अण्णा म्हणाले. “पण एकाचं टपाल दुसऱ्याला सांगायचं न्हाय, ह्यो नियम. मी नियम बघत बसलो.”

मी जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार केली. यादीतल्या उरलेल्या दहांपैकी चौघांना मी शोधून काढलं. त्यांच्यापैकी कुणालाही पत्र आलेलं नव्हतं आणि कुणीही तसं लिहून द्यायला तयार नव्हतं. उद्या दुसऱ्या संस्थेत उभं राहायचं आहे, वाईटपणा कोण घेणार. एक जण तर मला म्हणाला, ताई, असंच असतं. हे ‘असंच असतं’ मला त्या शिक्क्यापेक्षा जास्त लागलं. अण्णांना मी काही मागितलं नव्हतं. त्यांनी आपण होऊन अर्ध्या पानाचं निवेदन लिहून दिलं. अमुक दिवशी ही यादी माझ्या खिडकीत आली, सोबत पाकिटं नव्हती, म्हणून मी शिक्का मारला नाही. खाली सही. कशाला या भानगडीत पडता, निवृत्तीला दोन वर्षं राहिली, असं त्यांना ऑफिसातल्या सगळ्यांनी सांगितलं. ते म्हणाले, मी कुणाबद्दल काही लिहिलं नाही, खिडकीतून जे दिसलं ते लिहिलंय.

सुनावणीच्या पाच दिवस आधी संस्थेचे सेक्रेटरी मावशीच्या घरी आले. पांढरेशुभ्र कपडे, हातात फळांची पिशवी. फार गोड बोलले. गैरसमज झालाय, मुलगी हुशार आहे, आमच्या दुसऱ्या शाखेत पुढच्या महिन्यात जागा होतेय, ती तिचीच. फक्त एक कागद लागेल. पत्र मिळालं होतं, पण मी गावी गेले असल्यानं उशिरा पाहिलं, आता माझी तक्रार नाही, एवढाच मजकूर. मावशीनं आजऱ्याला निरोप धाडला. वडील दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी कागदात काय आहे ते विचारलं नाही. “नोकरी लागती न्हवं? मग कर की सही,” म्हणाले.

पण मी हे वडिलांच्या नावावर खपवणार नाही. त्यांना वाचता येत नव्हतं. मला येत होतं. मी तो कागद तीनदा वाचला. पत्र मिळालं होतं असं मी लिहून दिलं की अण्णांनी लिहिलेलं अर्धं पान खोटं ठरतं, हे मला तिन्ही वेळा कळलं. मी सही केली. आणि त्याहून वाईट म्हणजे, सुनावणीच्या दिवसापर्यंत ते अण्णांना सांगितलं नाही. चार दिवस होते. पोस्ट दहा मिनिटांवर होतं.

सुनावणीला अण्णा रजा टाकून आले होते. इस्त्रीचा शर्ट, ताजं भस्म. मला बघून लांबूनच मान हलवली, घाबरू नका अशी. आत गेल्यावर सेक्रेटरींनी माझा कागद पुढं केला. शिक्षणाधिकारी साहेबांनी तो मोठ्यानं वाचला आणि अण्णांना विचारलं, मग तुमचं निवेदन खोटं समजायचं का. अण्णांनी कागद मागून घेतला. चष्मा लावला आणि एकेक ओळ वाचली. साहेब घड्याळाकडे बघत होते. मग अण्णांनी माझ्याकडे बघितलं.

“सही तुमचीच?”

मी मान हलवली.

“तोंडानं सांगा, अक्का.”

मी हो म्हटलं. त्यांनी कागद घडीवर घडी घालून साहेबांपुढं ठेवला. म्हणाले, त्यांनी जे लिहिलंय त्याला त्या जबाबदार, मी जे लिहिलंय त्याला मी. “माझं मी मागं घेत न्हाय.” सेक्रेटरी हसले. बाबू कुणाच्या अंडर काम करतात ते बघून तिकडं कळवलं पाहिजे, असं ते साहेबांना म्हणाले, जणू अण्णा तिथं नव्हतेच. साहेबही हसले. अण्णा सोडून, साहेबांचा कारकून धरून त्या खोलीत चार शिकलेली माणसं होती आणि त्यांतलं एकही त्या हसण्यावर काही बोललं नाही. त्या चारांत मी एक.

बाहेर व्हरांड्यात वडील उभे होते. त्यांना वाटत होतं, या पोस्टातल्या माणसानं मध्ये पडून पोरीला नोकरी मिळवून दिली. त्यांनी पुढं होऊन अण्णांचे दोन्ही हात धरले आणि उपकार झाले म्हणाले. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. अण्णांनी वडिलांचे हात उलटे करून तळवे बघितले.

“काजूत काम करता व्हय?”

वडील व्हय म्हणाले.

“हातमोजे देत न्हाईत तुमाला?”

कुठले हातमोजे, असं म्हणून वडील हसले. अण्णांना हसू आलं नाही. त्या दिवशी सकाळपासून एवढं होऊनही जो आवाज चढला नव्हता, तो तिथं चढला. “मालकाला इचारा. तुमी त्यांच्या अंडर हायसा न्हवं? मग तुमच्या हाताचं त्यांनी बघायचं. लाजू नका, इचारा.” मग ते जिना उतरून गेले.

पुढचं सगळं कागदोपत्री झालं, म्हणजे कुणालाही दोष देता येणार नाही असं झालं. संस्थेनं अण्णांच्या वरिष्ठांना लिहिलं. सोबत माझ्या सहीची नक्कल जोडली. परवानगी न घेता दुसऱ्या कार्यालयात खोटं निवेदन दिलं, असा शेरा अण्णांच्या सेवापुस्तकात लाल शाईनं लिहिला गेला. त्यांच्या वरिष्ठांनी समोरच्या कागदावरून निर्णय केला आणि समोर कागद होता तो माझा. नंतर त्यांची बदली राधानगरीच्या आतल्या भागात झाली. साठीला टेकलेला माणूस शेवटची दीड-दोन वर्षं पावसापाण्यात एस.टी.नं जात-येत राहिला. त्यांच्या खिडकीत नवा बाबू आला. तो यादी हातात आली की शिक्का मारायचा. रांगेतली माणसं म्हणायची, आता कसं पटापट काम होतंय. माझ्या मागं उभं राहून एकानं हे म्हटलं तेव्हा मला वळून त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण कोणत्या तोंडानं?

मी संस्थेच्या त्या दुसऱ्या शाखेत शिकवत होते. चांगलं शिकवत होते, असं मुलं म्हणायची. एकदा एस.टी. स्टँडवर अण्णा दिसले. ओली छत्री झटकत राधानगरीच्या गाडीची वाट बघत होते. मी मासिकांच्या स्टॉलमागं उभी राहिले, त्यांची गाडी सुटेपर्यंत.

तीन वर्षं पूर्ण झाली की शिक्षण सेवक कायम होतो. मी कायम झाले आणि त्याच आठवड्यात खरं काय घडलं ते दोन पानांवर लिहून अण्णांच्या घरी गेले. कायम होईपर्यंत थांबले, हेही इथं लिहिलं पाहिजे. अण्णा तेव्हा निवृत्त होऊन घरीच होते. त्यांच्या पत्नीनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला, माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि त्या आत गेल्या. अण्णांनी दोन्ही पानं वाचली. एका ठिकाणी दिवस चुकला होता, तो दुरुस्त करायला सांगितला. मी माफी मागायला लागले तेव्हा त्यांनी हात वर करून थांबवलं.

“हे मला कशाला? माझ्याकडं खरं हायच की. ज्यांच्याकडं न्हाय, त्यांना द्या.”

नोकरी जाईल, मी म्हटलं. जाणार नाही असं म्हणून त्यांनी मला धीर दिला नाही, आणि जाऊ दे असंही म्हणाले नाहीत.

मी ती पानं तिन्ही ठिकाणी नेऊन दिली. शिक्षण विभागात, अण्णांच्या जुन्या कार्यालयात, आणि संस्थेत सेक्रेटरींच्या हातात. नोकरी जाईल या भीतीनं मी महिनाभर नीट जेवले नाही. पण कसलं काय. सेक्रेटरींनी मला बोलावून चहा पाजला आणि म्हणाले, मॅडम, ती फाईल कधीच बांधून ठेवली, तुम्ही आपल्या मुलांचं बघा. शिक्षण विभागानं उत्तरच दिलं नाही. अण्णांच्या कार्यालयाकडून चार ओळींचं पत्र आलं, संबंधित कर्मचारी निवृत्त झाल्यानं प्रकरण बंद करण्यात आलं आहे. माझ्या खोट्यानं एका माणसाच्या आयुष्यभराच्या कामावर लाल शाई ओतली, त्याला एक सही पुरली. माझ्या खऱ्यानं एक पान उलटलं नाही.

ते चार ओळींचं पत्र मी अण्णांना वाचून दाखवलं, तेव्हा ते पहिल्यांदा स्वतःसाठी संतापले. “बंद कसं? माणूस जित्ता हाय न्हवं?” त्यांना पैसे नको होते, सत्कार नको होता. ‘खोटं’ हा एक शब्द त्यांना त्या पुस्तकातून काढून हवा होता. मग आम्ही दोघांनी बसून अर्ज केले. ते सांगत, मी लिहीत असे. एका शब्दावर अर्धा अर्धा तास जायचा. ‘कृपया’ मी घातला की ते खोडायला लावत. कृपा कशाची, म्हणायचे, चूक दुरुस्त करायचीय. पहिल्याला उत्तर आलं, तेच चार ओळींचं. दुसऱ्याला आलं नाही. तिसऱ्याचा मजकूर निम्मा झाला होता. एका सकाळी अंघोळीला पाणी काढताना अण्णा कोसळले आणि संपले.

मी गेले तेव्हा मातीहून माणसं परतली होती. दारात त्यांच्या पत्नी बसल्या होत्या. इतक्या खेपा मी त्या घरी गेले, पण आम्ही कधी बोललो नव्हतो. मी काहीतरी सांत्वनाचं बोलायला लागले. त्यांनी मान वर केली.

“त्यांनी घरात तुमचं नाव कधी वाईट घेतलं न्हाय,” त्या म्हणाल्या. “मी घेती. रोज घेती.”

मी म्हटलं, घ्या.

त्यांनी मला बसायला सांगितलं नाही. मी उभीच राहिले आणि त्या बोलत राहिल्या. राधानगरीच्या पावसात धरलेला खोकला, भावकीत झालेली कुजबुज, रात्री उठून बसणं. आजूबाजूच्या बायका त्यांना गप्प करायला बघत होत्या. मीच त्यांना राहू दे म्हटलं. त्या बराच वेळ बोलल्या, आणि त्यात अडवावा असा एकही शब्द नव्हता.